साठावे मत आणि एक संदिग्ध शब्द



अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या कायद्याविषयीचा मजकूर मराठीत आणताना मी ज्या शब्दापाशी सर्वांत अधिक अडखळले, तो वैद्यकातला नव्हता. तो होता ‘फिलिबस्टर’. मुळात हा शब्द समुद्रावरील चाच्यांसाठी योजला जाई. सिनेटमध्ये त्याचा अर्थ, चर्चा संपूच न देणे आणि त्यायोगे मतदान रोखून धरणे. मी प्रथम ‘भाषणरोध’ असे लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी खोडले. कारण हल्ली हा रोध करण्यासाठी कोणाला भाषणही करावे लागत नाही! चर्चा संपविण्यास १९७५ पासून बहुधा शंभरांपैकी साठ मते लागतात. ती मिळणार नाहीत एवढे कळले, की विधेयक जागीच थबकते.

ट्रूमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना १९४५ मध्ये मांडली, ती बारगळली. क्लिंटन यांच्या योजनेवर तर १९९४ पर्यंत सभागृहात अंतिम मतदानही झाले नाही. पुढे ओबामा यांच्या पक्षापाशी नेमकी साठ मते जमली, तेव्हा प्रत्येक मताला नकाराधिकाराचे मोल आले. जोसेफ लीबरमन यांच्या विरोधामुळे सरकारी विमायोजनेचा पर्याय गळाला, आणि २४ डिसेंबर २००९ रोजी सिनेटने ६० विरुद्ध ३९ मतांनी विधेयक संमत केले.

एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्येच निवर्तले होते. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक १९ जानेवारी २०१० रोजी विरोधी पक्षाने जिंकली आणि साठावे मत गेले. एरवी दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळवून, घासूनपुसून अखेरचे विधेयक सिद्ध होते. आता तसे विधेयक सिनेटमध्ये परत नेणे म्हणजे ते बुडविणेच होते. म्हणून प्रतिनिधिगृहाने २१ मार्च रोजी सिनेटचा मसुदा २१९ विरुद्ध २१२ मतांनी जसाच्या तसा स्वीकारला. काही आर्थिक तरतुदी साध्या बहुमताच्या मार्गाने नंतर बदलल्या. बाकीचा खर्डा तसाच राहिला. या प्रथेचे समर्थक म्हणतात की तिच्यामुळे घाईचे कायदे टळतात. येथे तिनेच शेवटचा हात फिरविण्याची सोय हिरावून घेतली.

ते दुखणे पुढे बाहेर आले. विमाहप्त्यासाठीची करसवलत ‘राज्याने स्थापिलेल्या’ विमाबाजारातील ग्राहकांना मिळेल, असे एका कलमात होते. तीसहून अधिक राज्यांत तर तो बाजार केंद्र सरकार चालवीत होते. मग तेथील लक्षावधी कुटुंबांची सवलत बेकायदा ठरणार काय? सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ती कायम केली. परंतु कायद्याची शब्दरचना सदोष असल्याचे सरन्यायाधीश रॉबर्ट्‌स यांनीही नमूद केले. न्यायमूर्ती स्केलिया यांनी कडवी भिन्नमतपत्रिका लिहिली.

त्या जागी ‘शासनाने’ असे लिहिण्याचा मोह मला झाला होता. वाक्य सुबक झाले असते आणि तंटाही मराठीपुरता मिटला असता. मी ‘राज्याने’ असेच ठेवले आहे.