पदराच्या टोकाची राखण



मी सातवी शिकलेली गृहिणी. मुलीच्या पुस्तकांतून जे उमगले, ते आपल्या घरगुती भाषेत सांगते.

आपल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. हे आनुवंशिक गुणांचे लांब धागेच. प्रत्येकाची दोन टोके, म्हणजे ९२ टोके झाली. पेशीत तुटलेले धागे सांधणारी यंत्रणा सदैव जागी असते. तिला ही टोके तुटकी वाटली, तर ती दोन धड गुणसूत्रेच एकमेकांस जोडील आणि सगळा घोळ होईल! १९४० च्या सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंना मक्यात दिसले की, तुटकी टोके एकमेकांस चिकटतात. मूळची टोके मात्र चिकटत नाहीत.

असे का? तर टोकांवर सहा प्रथिनांचा पहारा असतो. टीआरएफ-१, टीआरएफ-२, रॅप-१, टिन-२, टीपीपी-१ आणि पॉट-१ ही त्यांची नावे. न्यूयॉर्कच्या टिटिया द लांगेबाईंनी २००५ साली या मेळ्यास 'शेल्टरिन' म्हटले. आपण काठ आत दुमडून टीप घालतो ना? तसेच टीआरएफ-२ टोक आत वळवून दडविते. पॉट-१ एकेरी दशी धरून बसते.

तरी पेशी दुभंगताना टोक थोडे थोडे झिजते. ते भरून काढणारे टेलोमरेज कॅरोल ग्रायडर व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी १९८४ साली शोधले. २००९ मध्ये त्यांना जॅक शोस्टॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. ती वार्ता आली तेव्हा ग्रायडरबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत होत्या!

आता मुद्द्याचे सांगते. 'टोके वाढवून तारुण्य देतो' अशा गोळ्यांच्या जाहिरातींना भुलू नका. बहुतेक कर्करोगाच्या पेशी हेच टेलोमरेज जागे करून अमर्याद वाढतात. शिवाय पॉट-१ मधील जन्मजात दोषामुळे काही घराण्यांत त्वचेचा कर्करोग आढळतो. म्हणून जवळच्या नात्यांत हा रोग अनेकांना झाला असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांस सांगा. अंगावर गाठ किंवा बदलता तीळ दिसला, तर 'घरचे काम आटपून बघू' म्हणू नका. घरातल्या सर्वांची राखण आपण करतो. तितकीच स्वतःचीही करावी.