प्रार्थनेच्या सतरंजीवर सर्वांना जागा

(जागतिक प्रार्थना दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात महिला प्रार्थना मंडळाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च महिन्याचा पहिला शुक्रवार हा जागतिक प्रार्थना दिन म्हणून पाळला जातो. १९२७ सालापासून या दिनानिमित्त अनेक देशांतील ख्रिस्ती स्त्रिया पंथभेद विसरून एकत्र येतात. दरवर्षी कोणत्या तरी एका देशातील स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहितात आणि बाकीचे जग ती आपापल्या भाषेत म्हणते. २०२४ साली ती पॅलेस्टाईनच्या स्त्रियांनी लिहिली होती, २०२५ साली कुक बेटांवरील स्त्रियांनी. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांचे दुःख आधी समजून घ्यावे आणि प्रार्थना संपली की हातपाय हलवावेत, हे या दिवसाचे सूत्र आहे.

हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच. आमच्या मंडळात परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, गृहिणी आहेत. या रुग्णालयाने आम्हास आठवड्यातून एकदा बसण्यासाठी ही जागा दिली, याबद्दल आम्ही विश्वस्तांच्या ऋणी आहोत. येथे आम्ही शास्त्रपाठ वाचतो आणि मग बोलतो. आमचे बोलणे बहुधा न्यायावर येते. वंचितांना सामावून घेण्याविषयी आम्ही पुष्कळ बोललो आहोत. शुभवर्तमानातील तीन स्त्रियांनी त्या बोलण्याचे काय केले, ते आज आपणासमोर नम्रपणे मांडावयाचे आहे. त्यात आमच्या चुकाही आहेत. ज्यांच्या देणग्यांवर हे रुग्णालय चालते त्यांच्यापासून त्या लपवणे आम्हास योग्य वाटले नाही.

पहिली स्त्री शोमरोनातील. भर दुपारी ती एकटीच विहिरीवर आली. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, त्यांच्या भांड्यातले पाणी पिणे तर दूरच. प्रभू येशूने तिच्याकडेच पाणी मागितले. मराठवाड्यातल्या बाईला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पाणवठा कोणाचा, घागर कोणाची, दुरून ओंजळीत पाणी कोणाच्या ओतायचे, हे येथे पिढ्यान्पिढ्या ठरलेले होते.

हा पाठ वाचून आम्ही अस्पृश्यतेच्या पापावर तासभर बोललो. नंतर चहा आला. त्या दिवशी आमच्यातील एका तरुण परिचारिकेने सहज विचारले, "खिडकीतले ते तीन कप वेगळे का ठेवलेत?" कोणालाच उत्तर देता येईना. ते कप स्वच्छता करणाऱ्या मावशींचे होते. तसा कोणी नियम केला नव्हता, कोणी आज्ञा दिली नव्हती. कप वेगळे राहत आले होते, एवढेच. सतरंजी अंथरायला मावशी, उचलायलाही मावशी. मधला तासभर त्या दाराबाहेर. आम्ही त्यांना प्रेमाने 'मावशी' म्हणत होतो आणि मावशीचा कप खिडकीत ठेवीत होतो.

लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपले सोवळे कसे सुटले ते प्रांजळपणे सांगितले आहे. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांत त्यांचा झगडा पुस्तकी मतांपेक्षा पाण्याशी आणि अन्नाशी अधिक होता. आम्ही जन्माने ख्रिस्ती, म्हणून हा झगडा आमच्या वाट्याला आलाच नाही असे आम्ही मानीत होतो. खिडकीतल्या कपांनी आमचा तो समज मोडला. पुढच्या आठवड्यापासून सर्व कप एका ताटात आले. मंडळातील एक भगिनी त्यानंतर यायच्या थांबल्या. त्याचे दुःख आम्हास आहे, पण कप पुन्हा वेगळे झाले नाहीत.

या संदर्भात जामखेडची आठवण करणे आम्ही कर्तव्य समजतो. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले. खेड्यांत आरोग्यसेवेसाठी त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला येत, तेव्हा वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीत जेवणे हेच पहिले अवघड काम होते. अभ्यासक्रमातील रोग आणि औषधे त्यानंतरची. दुष्काळात हातपंप बसवताना ते दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवे तर बाकीच्या गावाला तेथे जावे लागले, आणि गाव गेले. कुष्ठरुग्णांसाठी वेगळा दवाखाना न काढता त्यांना इतर रुग्णांबरोबरच तपासले गेले. १९७१च्या सुमारास या भागात हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९०च्या दशकात हा आकडा विसाच्या आसपास आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. ते कार्य पुढील पिढीने चालू ठेवले आहे. समता ही आरोग्याची शोभा नसून औषधाचाच भाग आहे, हे आम्ही जामखेडकडून शिकलो.

दुसरी स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली. मार्काने तिच्याविषयी एक वाक्य लिहिले आहे, ते रुग्णालयात वाचताना मान खाली जाते. अनेक वैद्यांच्या हातून तिने सोसले, होते नव्हते ते सारे खर्चले आणि तिचे दुखणे मात्र वाढले. ती गर्दीत लपून आली. प्रभू त्या वेळी एका प्रतिष्ठित अधिकाऱ्याच्या घरी निघाले होते, मुलगी मरणोन्मुख होती, घाई होती. तरीही ते थांबले आणि त्या बाईचे सर्व बोलणे संपेपर्यंत थांबले.

हा पाठ आम्ही वाचला तेव्हा ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतू लागली होती. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्य शासनाने नेमलेल्या समितीने चौकशी केली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी सुमारे १३ हजार ८०० जणींचे गर्भाशय आधीच्या दहा वर्षांत काढले गेल्याचे तेव्हा पुढे आले. कोयत्याची मजुरी नवरा-बायकोच्या जोडीवर, खाडा झाला तर दंड, फडात न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. अशा बाईला दुखण्यातून कायमची सुटका सांगणारा कोणी भेटला तर ती नाही कशी म्हणेल? बीड आपल्यापासून फार दूर नाही, आणि कोयता घेऊन जाणारी बिऱ्हाडे आपल्याही जिल्ह्यात आहेत.

आमच्यातील परिचारिकांनी त्या संध्याकाळी आपापल्या अनुभवाच्या गोष्टी सांगितल्या. तिशीतली एक बाई दुसऱ्या एका ठिकाणी शस्त्रक्रिया करून आलेली होती. काय काढले, हे तिला ठाऊक नव्हते. "पिशवी खराब झाली म्हनले," एवढेच ती सांगत होती. कागद नवऱ्याजवळ होता आणि नवऱ्यालाही वाचता येत नव्हते. यानंतर आम्ही एक साधे काम अंगावर घेतले. येथे अशी शस्त्रक्रिया सुचवली गेली की आमच्यापैकी दोघी त्या भगिनीजवळ बसतात, नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगतात, आणि काय काढणार, का काढणार, औषधाने भागेल का, नंतर काय त्रास होऊ शकतो, हे तिच्या बोलीत सांगतात. बंजारा तांड्यावरची असेल तर गोरमाटी जाणणारी भगिनी बसते. डॉक्टरांनी यास मनापासून सहकार्य दिले, याचा कृतज्ञतेने उल्लेख केला पाहिजे. निर्णय तिचा असतो. आम्ही फक्त तिचे बोलणे संपेपर्यंत थांबतो.

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली, ख्रिस्ती होण्याच्या आधी, हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांची निकड मांडली होती. पुरुष वैद्यापुढे बोलता न आल्याने स्त्रिया जिवास मुकतात, हे त्यांचे म्हणणे होते. आपल्या शेजारी वाशीमला १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर या स्त्री डॉक्टरने रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले. आज स्त्री डॉक्टर दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. तरी बाईचे बोलणे ऐकणारे कान अजून दुर्मीळ आहेत.

तिसरी स्त्री परकी, सुरफुनीकी. आजारी लेकीसाठी ती आली तेव्हा तिला प्रथम नकार मिळाला: मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे बरे नव्हे. तिने उलट उत्तर दिले, मेजाखालची कुत्रीदेखील मुलांचे उष्टे खातातच. आणि प्रभूने तिचे म्हणणे मान्य केले. उलट बोलणाऱ्या गरीब बाईचे म्हणणे खरे ठरते, असा हा पाठ आहे. त्याची प्रचिती आम्हास लवकरच आली.

कप एक झाल्यावर आम्ही मावशींना सतरंजीवर बसायला बोलावले. त्या आल्या, कडेला बसल्या, काही बोलल्या नाहीत. सर्वांना सामावून घेतले, असे समाधान आम्ही मानले. दीड-दोन महिन्यांनी त्यांतील वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमचं बोलनं चांगलं हाय सिस्टर, पन निम्मं आमाला कळत न्हाई. अन् तुमी बसता त्याच येळेला आमाला वार्ड पुसायचा असतो. इथं बसलो की रातच्याला घरी जायाला उशीर."

आम्ही जागा दिली होती. वेळ आणि भाषा मात्र आमचीच ठेवली होती. रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले ते साध्या बाईला कळावे या हेतूने, आणि १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ते प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्ती सदनात विधवा, दुष्काळातल्या अनाथ मुली, अंध स्त्रिया यांना निवारा मिळाला आणि छपाईसारखी कामे स्त्रियांनीच शिकून घेतली. तो वारसा सांगणाऱ्या आम्ही, सतरंजीच्या कडेला बसलेल्या मावशीला कळेल असे बोलत नव्हतो.

आम्ही वेळ बदलली. पाठ आता मावशींपैकी कोणी तरी आपल्या शब्दांत पुन्हा सांगते. मग त्या बोलू लागल्या. त्यांनी काढलेला पहिला विषय आमच्या कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. रुग्णांसोबत राहणाऱ्या बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, असे त्यांनी सांगितले. कारण रात्री आवारातल्या शौचालयाकडे जाताना अंधार असतो आणि एका दाराची कडी लागत नाही. पहाटे फरशी पुसणाऱ्या मावशींना हे रोज दिसत होते. विहिरीवरच्या स्त्रीवर तासभर बोललेल्या आम्ही तेथूनच रोज ये-जा करीत होतो, पण तहान दाबून बसलेल्या बाया आम्हास दिसल्या नाहीत.

आपल्या जिल्ह्यातील औंढा नागनाथची कथा सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना देवळामागे जायला सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे म्हणतात. नरसीच्या मातीतली ही कथा आमची श्रद्धा वेगळी असली तरी आमचीही आहे. मागे पाठवलेल्यांकडे तोंड फिरवणे, हेच तर शुभवर्तमानातल्या तिन्ही पाठांनी आम्हास सांगितले.

आता देणगीदार व विश्वस्त यांच्या चरणी दोन विनंत्या. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा सवलतीच्या दरात असाव्यात, असे कायद्याचे कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना सांगते. ही माहिती फलकावर आहे. पण ज्यांना ती हवी, त्यांतील अनेकींना फलक वाचता येत नाही. नोंदणीच्या खिडकीशी ती तोंडाने सांगणारी एक व्यक्ती असावी. मंडळातील भगिनी आळीपाळीने हे काम करण्यास तयार आहेत. दुसरी विनंती आवारातल्या शौचालयाची: दिवे, कड्या आणि जवळच पिण्याच्या पाण्याची सोय. कडीचा खर्च फारसा नाही. सांगायला संकोच वाटतो एवढी ही मागणी लहान आहे. परंतु हे मागणे आमचे नव्हे, मावशींचे आहे, म्हणून आम्ही ते मोठ्याने सांगत आहोत.

आपण दिलेल्या दानातून येथे खाटा आल्या, यंत्रे आली, अनेकांचे प्राण वाचले. त्या दानाचा आम्ही अंतःकरणपूर्वक आदर करतो. आमच्याकडे देण्यासारखे धन नाही. आठवड्यातला एक तास आहे आणि एक सतरंजी आहे. त्या सतरंजीवर आज कोण नाही, हा प्रश्न आम्ही आता दर बैठकीच्या आरंभी विचारतो. कधी कधी उत्तर देताना लाज वाटते. प्रार्थना त्यानंतर सुरू होते.

परमेश्वर या वास्तूत येणाऱ्या प्रत्येकास आरोग्य देवो, आणि येथे सेवा करणाऱ्या आम्हा सर्वांस दाराबाहेर पाहण्याची दृष्टी देवो.