प्रकाशाचे वेळापत्रक आणि पिकाचा उत्पादनखर्च



शेतीच्या अर्थशास्त्रात जमीन, पाणी, श्रम, खते आणि भांडवल यांची मोजदाद केली जाते. सूर्यप्रकाश मात्र कोणत्याही ताळेबंदात येत नाही, कारण त्याचे बिल येत नाही. ज्या शेतीत प्रकाशही विकत घ्यावा लागतो, तेथे हिशेब कसा बदलतो, याचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे कॅनडा व अमेरिकेत बंद खोल्यांमध्ये घेतले जाणारे कॅनाबिसचे, म्हणजेच गांजाच्या झाडाचे पीक. हा विषय काहींना अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. परंतु कायदा, विज्ञान आणि उत्पादनखर्च ही तिन्ही सूत्रे एकमेकांत इतकी गुंतलेली दाखविणारे दुसरे पीक क्वचितच आढळेल.

प्रथम विज्ञानाची बाजू पाहू. दिवस-रात्रीच्या लांबीला वनस्पतीने दिलेल्या प्रतिसादास ‘दीप्तिकालिता’ म्हणतात. १९२० मध्ये गार्नर व अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या ‘मेरिलँड मॅमथ’ या वाणावरील प्रयोगांतून ती सिद्ध केली, असे पाठ्यपुस्तकांत असते आणि ते योग्यच आहे. तथापि त्याआधी, १९१२ ते १९१४ या काळात, फ्रान्समधील ज्युलियन तुर्नुआ यांनी नेमक्या याच झाडावर, म्हणजे हेम्पवर, आणि हॉप्स या वेलीवर प्रयोग केले होते. या झाडांना लवकर फुलोरा येतो तो दिवस लहान झाल्यामुळे नव्हे, तर रात्र लांबल्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पहिल्या महायुद्धात त्यांचा मृत्यू झाला आणि हे काम पुष्कळ काळ मागे पडले. पुढे १९३८ मध्ये हॅमनर व बॉनर यांनी दाखवून दिले की, लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी ‘लघुदिन’ वनस्पतीचे फुलणे थांबते. थोडक्यात, झाड मोजते ते अखंड अंधाराचे तास.

याच ज्ञानावर बंद खोलीतील प्रकाशाची वेळापत्रके बेतलेली आहेत. झाड वाढीच्या अवस्थेत असताना १८ तास प्रकाश व ६ तास अंधार, आणि फुलोऱ्यासाठी १२ तास प्रकाश व १२ तास अंधार, ही सर्वमान्य रीत. (दिवसाच्या लांबीकडे दुर्लक्ष करून फुलणारे काही प्रकार याला अपवाद आहेत.) ही रीत कोणत्या कृषी विद्यापीठाने ठरविली? कोणत्याही नाही. अनेक दशके या पिकावर बंदी असल्याने पद्धतशीर संशोधन जवळजवळ बंद होते आणि चोरून पीक घेणाऱ्यांनी जे हमखास जमते तेच धरून ठेवले. १२ तासांच्या अंधारात जवळपास प्रत्येक झाड फुलते, म्हणून १२ हा आकडा रूढ झाला. तो सर्वाधिक किफायतशीर आहे की नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून या पिकास कायदेशीर मान्यता दिली, तेव्हा हा प्रश्न प्रयोगशाळेत आला. ओंटारिओ प्रांतातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा वाणांना १२ ते १५ तासांपर्यंतचे वेगवेगळे दिवस दिले. बहुतेक वाण १२ तासांहून मोठ्या दिवसातही फुलले. मात्र दिवस १४ तासांकडे गेला तसा काहींचा फुलोरा लांबला. त्यानंतर दोन वाणांवर १२ आणि १३ तासांची थेट तुलना करण्यात आली. एका तासाच्या वाढीने उत्पादन एक तृतीयांशाहून अधिक ते सुमारे दीडपट वाढल्याचे दिसले. केवळ दोन वाणांवरील हे निष्कर्ष सरसकट लागू करता येणार नाहीत. तरीही शतकभरापूर्वीच्या विज्ञानावर आधारलेली रूढी एका तासाने हलू शकते, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

येथे सीमांत खर्च व सीमांत उत्पादन या संकल्पना उपयोगी पडतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक चौरस मीटर जागेवर ६०० वॅटचा दिवा रोज १२ तास चालतो. ६० दिवसांत ४३२ युनिट वीज लागते आणि ८ रुपये दराने ३,४५६ रुपये होतात. उत्पादन ४०० ग्रॅम धरल्यास दर ग्रॅममागे विजेचा खर्च ८.६४ रुपये येतो. तेरावा तास वाढविल्यास आणखी ३६ युनिट, म्हणजे २८८ रुपये लागतात. खर्चातील वाढ ८.३३ टक्के. उत्पादन ३५ टक्क्यांनी वाढून ५४० ग्रॅम झाले तर दर ग्रॅमचा खर्च ६.९३ रुपयांवर येतो. तेच ५ टक्क्यांनी वाढून ४२० ग्रॅम झाले तर तो ८.९१ रुपये, म्हणजे पूर्वीपेक्षा अधिक होतो. शिवाय फुलोरा एक आठवड्याने लांबला तर खोली तेवढे दिवस अडकते आणि वर्षातील पिकांची संख्या घटते. हा वैकल्पिक खर्च वीजबिलात दिसत नाही, पण तो भरावा लागतोच.

विजेच्या या वापराची व्याप्ती लहान नाही. इव्हान मिल्स यांच्या २०१२ मधील अभ्यासानुसार अमेरिकेच्या एकूण वीजवापरापैकी सुमारे १ टक्का वीज बंद खोलीतील कॅनाबिसवर खर्च होत होती. २०२१ मधील दुसऱ्या एका अभ्यासात, एक किलो वाळलेल्या फुलांमागे सुमारे २,३०० ते ५,२०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू उत्सर्जित होतात, असे आढळले. उघड्या शेतात सहज वाढणारे झाड बंदीमुळे तळघरात गेले आणि बंदी उठल्यावरही, गुंतवणूक व गुणवत्ता-नियंत्रण या कारणांनी, मोठ्या प्रमाणात आतच राहिले. कायद्याने तंत्र घडविले आणि तंत्राने पर्यावरणावर भार टाकला. धोरणाच्या अभ्यासकाने ही साखळी नीट पाहावी.

भारताची स्थिती निराळी आहे. अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ नुसार कॅनाबिसची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. मात्र याच अधिनियमाचे कलम १४ केवळ धागा किंवा बियाणे मिळविण्यासाठी, तसेच उद्यानविद्येच्या प्रयोजनासाठी लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार शासनास देते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या परवान्याची सुरुवात केली आणि हिमाचल प्रदेश मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये प्रायोगिक लागवडीस मान्यता दिली. सूर्य फुकट असलेल्या या डोंगरांत कोणी दिव्यांची भाषा करणार नाही. पण प्रकाशाच्या तासांचा प्रश्न तेथेही आहे. तो विजेऐवजी बियाण्याच्या रूपाने येतो.

उत्तराखंडात टीएचसी या मादक घटकाची मर्यादा ०.३ टक्के आहे. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वाढणारी भांग, जिच्या बियांची चटणी कुमाऊं-गढवालच्या घराघरांत होते, ती अनेकदा ही मर्यादा ओलांडते. मग युरोपातील कमी टीएचसी असलेले वाण आणावेत, असा सोपा सल्ला दिला जातो. पॅरिसच्या अक्षांशावर जूनमधील दिवस सुमारे १६ तासांचा असतो. अल्मोड्याला तो जेमतेम १४ तासांचा आणि मुंबईला सव्वातेरा तासांचा. मोठ्या दिवसांसाठी निवडलेला वाण आपल्याकडे उगवताच लांब रात्र अनुभवतो, खुजा असतानाच फुलतो आणि धागा आखूड राहतो. म्हणजे देशी बियाणे शेतकऱ्यास कायद्याच्या कचाट्यात आणते आणि परदेशी बियाणे तोट्यात. दोन्हींचा भार ज्याच्यावर पडतो तो डोंगरातला अल्पभूधारक आहे.

बंद खोली आणि दिवे यांची भारतात खरी गरज भासते ती येथे, शेतकऱ्याच्या नव्हे तर वाणनिर्मिती करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या हाती. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २२ तास प्रकाश देऊन गहू व हरभऱ्याच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात, असे २०१८ मध्ये दाखविले. भात हे लघुदिन पीक. त्यासाठी वाराणसी येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या दक्षिण आशिया केंद्राने आधी मोठे व नंतर लहान दिवस देणारी पद्धत विकसित केली आणि वर्षाला चार ते पाच पिढ्या मिळविल्या. हेम्पही लघुदिन वनस्पतीच आहे. स्थानिक भांगेचे अक्षांशाशी जुळलेले घड्याळ आणि कमी टीएचसी हे दोन गुण एका वाणात आणावयाचे तर उघड्या शेतात वर्षाला एकच पिढी मिळते, म्हणजे दहा पिढ्यांना दहा वर्षे. दिव्यांखाली हाच काळ दोन-तीन वर्षांवर येऊ शकेल. काही चौरस मीटरच्या प्रयोगगृहाचे वीजबिल सार्वजनिक संशोधनाच्या अंदाजपत्रकात सहज सामावण्याजोगे आहे; परवाना देणाऱ्या राज्यांनी परवानाशुल्काचा काही भाग त्यासाठी राखून ठेवण्यास हरकत नसावी.