पिंजऱ्यातल्या पाखरांची निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कुणी एखादा पदार्थ सांगते, कुणी विणकाम दाखवते. यंदा अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुमच्या घरी पाखरे आहेत, त्यांच्याविषयी दोन शब्द बोला." मी आधी हसण्यावारी नेले. मी सातवी शिकलेली बाई, चारचौघींत उभे राहून बोलायची सवय नाही. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या गल्लीत चार घरी पिंजरे आले आणि त्यातले दोन आज रिकामे लटकलेले आहेत. ते दिसले की मनाला लागते. म्हणून ठरवले, जे मी नुकसान सोसून शिकले ते तुम्हांला सांगावे.

आधी पाखराची ओळख. आपण सगळ्याजणी याला लव्हबर्ड म्हणतो. दुकानदारही तसेच म्हणतो. पण खरे लव्हबर्ड निराळे, ते आफ्रिकेतले. आपल्याकडे येतो तो बजी, म्हणजे ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट. तिकडे माळरानावर यांचे मोठमोठे थवे असतात आणि ते पाण्याच्या शोधात भटकतात. म्हणजे दुष्काळ यांनाही आपल्यासारखाच ठाऊक आहे! 1840 साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षी-अभ्यासकाने ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर घरोघरी झाले. मूळ रंग हिरवा-पिवळा. निळे, पांढरे हे पुढे माणसाने पैदास करून काढले. मोठ्या झालेल्या बहुतेक नरांच्या चोचीवरचा भाग निळा असतो, मादीचा तपकिरी.

आपला देशी पोपट मात्र घरात ठेवू नका. माझ्या आजीच्या काळी ओटीवर राघूचा पिंजरा असायचा, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता तो पाळणे गुन्हा आहे. आणि कायदा राहू द्या, रानातले पिल्लू आईपासून तोडून आणायचे, हे आपल्या मनाला तरी कसे पटावे?

आता आमच्याकडची हकीकत. 2022 साली आपल्या कड्यावरून नगरची रेल्वे सुरू झाली. त्याच वर्षी दिवाळीनंतर हे आणि धाकटी असे दोघे हौसेने गाडीत बसून नगरला गेले, आणि येताना भोके पाडलेल्या खोक्यात एक हिरवा आणि एक निळी अशी जोडी घेऊन आले. सोबत गोल, उंच, नक्षीदार पिंजरा. दिसायला देवळाच्या कळसासारखा! पण पाखरू उभे उडत नाही, आडवे उडते. त्या पिंजऱ्यात त्यांना पंखसुद्धा पसरता येईनात. पुढे आम्ही दुसरा आणला. जोडीला पिंजरा निदान अडीच फूट लांब आणि दीड दीड फूट रुंद-उंच असावा. दोन तारांमधले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको, नाहीतर डोके अडकते. तारेला गंज नको, रंगाचे पोपडे नकोत आणि जस्ताचा मुलामा सुटत असेल तर तीही नको. पाखरू सारा दिवस तार चावते आणि जस्त त्याच्या पोटात गेले की विष होते. खाली सरकता पत्रा असावा, म्हणजे पाखरांना धक्का न लावता कागद बदलता येतो.

दुकानात बसायला प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या मिळतात. त्या सगळ्या एकाच जाडीच्या, त्यामुळे पाय दुखतात. कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या आणाव्यात, एक करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढी. त्यांवर फवारणी झालेली नसावी. घासून धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात आणि मग बसवाव्यात. मात्र दाण्याच्या किंवा पाण्याच्या वाटीवर फांदी येऊ देऊ नये. बसल्या जागेवरून विष्ठा सरळ खाली वाटीत पडते.

आता जे सांगायचे ते सांगते. हे मी याआधी घराबाहेर कुणाला सांगितलेले नाही.

पाखरे येऊन दोन महिने झाले होते. सगळे धाकटीच करायची. ती चार दिवस मामाकडे गेली आणि जाताना बजावून गेली, "आई, दाणे बघत जा." मी बघत होते. सकाळी बघे, वाटी भरलेली. संध्याकाळी बघे, वाटी भरलेली. मी मनात म्हणे, पोरगी गेली म्हणून खात नसतील, येईल तेव्हा खातील. पाणी तेवढे बदलत राहिले. तिसऱ्या दिवशी निळी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली. मला वाटले थंडी वाजत असेल, म्हणून मी पिंजऱ्यावर चादर टाकली. चौथ्या दिवशी सकाळी चादर काढली तर ती आडवी पडलेली.

ते दाणे चिमण्यांना टाकावेत म्हणून मी वाटी तळहातावर ओतली. हाताला वजनच लागेना. फुंकर मारली तर सारी वाटी उडून गेली. हातावर पाच-सहा दाणे उरले.

बायांनो, हे पाखरू दाणा चोचीत सोलते, आतला गर खाते आणि टरफल त्याच वाटीत टाकते. वरून वाटी शिगोशीग दिसते, पण ते सगळे फोल असते. मी भरलेल्या वाटीकडे बघत राहिले आणि माझ्या डोळ्यांदेखत ती उपाशी मेली. लग्न होऊन आले तेव्हापासून सूप माझ्या हातात आहे. ज्वारी पाखडली, बाजरी पाखडली, फोल कुठले आणि दाणा कुठला हे मी अंधारातही हाताने सांगेन. आणि तीच मी या एवढ्याशा वाटीत फसले, कारण मी नुसते पाहिले, हात लावला नाही.

हिरवा अजून जिवंत होता. त्याला ताजे दाणे दिले तसा तो वाटीवर तुटून पडला. त्याचे ते खाणे मला बघवेना.

संध्याकाळी धाकटी येणार. मनात आले, मांजराने नेले म्हणून सांगावे. लहान आहे, विश्वास ठेवील. सासूबाई ओसरीवर माळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी सगळे पाहिले होते, पण त्या काही बोलल्या नाहीत. पोर आली, आणि मी तिला जे झाले ते सांगितले. ती रडली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वाटी घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, फुंक." तेव्हापासून आमच्या घरी चहाचे आधण ठेवण्याआधी वाटी फुंकायची, हा नेमच झाला आहे. पुढे हिरव्याला जोड आणली. तीही आज आहे.

म्हणून पहिला नियम हा. वाटी रोज बाहेर नेऊन फुंकायची, हाताने चाचपायची, मग वर ताजे दाणे घालायचे. एका पाखराला दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे दाणे पुरतात. राळे आणि बाजरी हे यांचे आवडते खाणे. बाजरीचे कोवळे कणीस तारेला बांधले तर पाखरांचा अर्धा दिवस मजेत जातो. पण पेरणीचे बियाणे चुकूनही घालू नका. त्याला औषध लावलेले असते. जोडीला धुतलेली कोथिंबीर किंवा मेथीची दोन पाने द्यावीत. चोच घासायला आणि चुन्यासाठी समुद्रफेस अडकवावा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. मीठ, कांदा, चॉकलेट, चहा यांतले काही देऊ नये.

दुसरा नियम कागदाचा. पत्र्यावर साधे वर्तमानपत्र घालायचे आणि रोज सकाळी बदलायचे. भुसा किंवा वाळू घालू नये, कारण मग खाली काय पडले ते दिसत नाही. विष्ठा मध्ये हिरवट-काळी आणि भोवती पांढरी असली की ठीक. पाण्यासारखी झाली, रंग बदलला, किंवा पडतच नसली, तर पाखरू आजारी आहे किंवा उपाशी आहे. त्या चार दिवसांत मी कागद बदलला असता, तर तेव्हाच कळले असते.

पाणी दिवसातून दोनदा बदलावे आणि दर वेळी वाटी बोटाने आतून घासावी. बुळबुळीत लागली तर ती धुतलेली नाही असे समजावे.

आठवड्यातून एकदा सारा पिंजरा धुवायचा. आपल्या आष्टी तालुक्यात पाण्याचे हाल काय असतात ते मी सांगायला नको. 2019 च्या उन्हाळ्यात जनावरे छावणीत होती. तेव्हा पिंजऱ्याला बादलीभर पाणी कुठून आणायचे, असे कुणी विचारील. बादली लागत नाही. आधी पाखरे खोक्यात काढून घ्यावीत. वाळलेली घाण ओल्या फडक्याने भिजवून ठेवावी. पाव तासात ती आपोआप सुटते. मग तांब्याभर कोमट पाण्यात थोडा साबण घालून जुन्या दातांच्या ब्रशाने तार न् तार घासावी आणि दुसऱ्या तांब्याने साबण पुरता काढावा. बाकीचे काम आपले ऊन करते. तास-दोन तास कडक उन्हात पिंजरा पूर्ण वाळवावा आणि थंड झाल्यावर पाखरे आत सोडावीत. ओला पिंजरा ठेवला तर बुरशी धरते. फिनाईल मात्र पिंजऱ्याजवळसुद्धा नको. फांद्या महिन्या-दोन महिन्यांनी बदलाव्यात.

घाण भिजवायला सांगितले त्याला कारण आहे. वाळलेली विष्ठा खरडली की धूळ उडते आणि आजारी पाखराच्या विष्ठेतून सिटाकोसिस नावाचा रोग माणसाच्या छातीत जातो. 1929-30 साली पोपटांमुळे हा रोग कितीतरी देशांत पसरला होता. घाबरून जायचे कारण नाही. नाकाला पदर बांधावा, ओले करून पुसावे, हात साबणाने धुवावेत, आणि पिंजऱ्याच्या वस्तू स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नयेत. घरात पाखरे असताना ताप-खोकला हटेना, तर डॉक्टरांना पाखरांचे आवर्जून सांगावे.

पिंजरा कुठे ठेवावा? स्वयंपाकघरात नको. फोडणीचा धूर, धूप, डासांची कॉइल यांचा त्यांच्या इवल्याशा छातीला त्रास होतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पाखरू मिनिटांत मरते. सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि एक बाजू भिंतीला राहील अशी जागा बघावी. आपल्या चैत्र-वैशाखाच्या झळांत पिंजऱ्याच्या एका बाजूला ओले गोणपाट टांगावे. मुंग्यांसाठी पिंजऱ्याखालच्या स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. रात्री वरून कापड घालावे, पण एक बाजू हवेला मोकळी असावी, आणि मांजराची वाट बंद आहे ना ते पाहावे. दहा-बारा तास झोप त्यांना लागते.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? खरे आहे. ज्यांना जमणार नाही त्यांनी आणू नयेत. अंगणात वाटीभर पाणी ठेवावे, चिमण्या आपणहून येतात आणि आपणहून जातात. पण पिंजऱ्यातले पाखरू कुठे जाऊन खाणार? त्याला रानात दाणा शोधता येत नाही, शेजारी जाऊन मागताही येत नाही. ज्या दिवशी आपण पिंजऱ्याचे दार लावले, त्या दिवसापासून त्याची भूक आपल्याकडे आली.

त्या वेळी सासूबाई मला रागावल्या नाहीत. रात्री झोपताना फक्त एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, भरलेले सूपसुद्धा पाखडून बघावे लागते गं."

आज घरी गेल्यावर ज्यांच्याकडे पिंजरा आहे त्यांनी आधी वाटी हातात घ्या आणि एकदा फुंकून बघा. एवढीच विनंती करते आणि माझे बोलणे संपवते.