विद्यापीठ बदलण्याआधी

सोलापूरचं विद्यापीठ २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालं. पुण्याचं विद्यापीठ १९४९ पासूनचं. पदवीचं एक वर्ष सोलापुरात झालं की अनेक विद्यार्थ्यांना पुणं खुणावू लागतं. जावं का?

आधी कारण तपासा. हवा असलेला विषय, प्रयोगशाळा किंवा मार्गदर्शक इथे नसेल, तर कारण भक्कम आहे. केवळ मोठ्या नावासाठी जाणार असाल, तर थांबून विचार करा. लहान विभागात प्राध्यापक तुम्हाला नावानं ओळखतात, शंकेला वेळ देतात. ही जमेची बाजू मोठ्या वर्गात सहज मिळत नाही.

मग श्रेयांक पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. त्यामुळे मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात. पण जी संस्था पदवी देणार, तिथे किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. शिवाय दोन्हीकडचे विषय जुळायला हवेत आणि तिथे जागाही रिकामी हवी. म्हणून नव्या महाविद्यालयाकडून हे सारं लेखी घ्या.

स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांची तयारी वेळेत करा. शिष्यवृत्ती पुढे चालू राहील का, हेही विचारा. वसतिगृह न मिळाल्यास खोलीभाडं आणि खाणावळीचा खर्च घरच्यांसोबत बसून मांडा.

आणि जुना प्रवेश रद्द करायचा तो नवा प्रवेश पक्का झाल्यावरच.