उपद्रवी माशांना बाजारपेठ : स्वागताध्यक्षीय भाषण

अमेरिकेतील इलिनॉय नदीच्या काही पट्ट्यांत चंदेरा आणि बिगहेड या दोन कार्प माशांचे वजन बाकी सर्व माशांवर भारी पडते. दोन्ही मूळचे चीनकडचे. संवर्धन-तळ्यांतील व सांडपाण्याच्या तलावांतील शेवाळ आटोक्यात राहावे म्हणून १९७० च्या दशकात ते आर्कान्सा राज्यात आणले गेले, तेथून निसटून मिसिसिपीत आणि पुढे तिच्या उपनद्यांत पसरले. पाण्यातले प्लवंग ते गाळून खातात, त्यामुळे स्थानिक माशांच्या पिलांचा घास जातो. महाराष्ट्रात चंदेऱ्याचे बीज विकत आणून तलावांत सोडले जाते, तर अमेरिकेत सरकार तोच मासा नदीतून काढण्यासाठी पैसे मोजते. हा विरोधाभास समजून घेण्यासाठी जमलेले मच्छीमार, संशोधक आणि मत्स्यव्यवसाय अधिकारी यांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.

असे उपद्रवी मासे खाऊन संपवण्याची कल्पना सोपी वाटते, पण तिच्या आड दोन गोष्टी येतात. या माशांच्या मांसात दुफाटी बारीक काटे असतात. काटे काढून खाण्याची सवय बंगालमध्ये आहे, चीनमध्ये आहे. अमेरिकी ग्राहकाला मात्र बिनकाट्याचे तुकडे लागतात. शिवाय तिथे ‘कार्प’ म्हटले की गाळात चरणारा, चिखलाच्या वासाचा मासाच डोळ्यांपुढे येतो. म्हणून इलिनॉय राज्याने २०२२ मध्ये या माशांना ‘कोपी’ हे नवे व्यापारी नाव दिले आणि खिम्याच्या रूपात त्यांचा प्रचार केला. चव सौम्य, पाऱ्याचे प्रमाण कमी. माल खरोखर चांगला आहे.

खरी अडचण भावाची. मासा स्वस्त, डिझेल महाग. नुसत्या बाजारभावावर जाळे टाकणे परवडत नाही, म्हणून २०१९ पासून नदीकाठच्या पिओरिया परिसरातील मच्छीमारांना राज्याकडून पौंडामागे १० सेंट जादा मिळू लागले. म्हणजे बाजार आपोआप उभा राहिलेला नाही, सरकारने त्याला टेकू दिला आहे.

नदीच्या वरच्या अंगाला, शिकागोकडे, व्यवस्था निराळी आहे आणि अधिक शहाणपणाची आहे. तिथून शिकागोच्या कालव्यातून मिशिगन सरोवराची वाट जाते. त्या कालव्यात विजेचा अडसर बसवला आहे. त्याच्या खालच्या पाण्यात २०१० पासून मच्छीमार राज्याच्या ठेक्यावर मासे काढतात. त्यांना मोबदला कामाचा मिळतो, मालाच्या विक्रीचा नाही. काढलेल्या माशांचे बहुधा खत होते. त्यामुळे मासे विरळ झाले तरी जाळी पडतच राहतात. निव्वळ बाजारावर सोपवलेले काम नेमके याच टप्प्यावर थांबते, कारण विरळ मासा पकडणे कोणालाच परवडत नाही.

धोका आणखी एक आहे. प्रक्रिया कारखान्याला वर्षभर माल हवा असतो, कर्जाचे हप्तेही त्यावरच फिटतात. तेव्हा मासा संपणे त्याच्या हिताचे उरत नाही. यासाठी अमेरिकेपर्यंत जायलाही नको. उजनी जलाशयात चिलापी हा आफ्रिकेचा मासा मुबलक झाला, त्याला गिऱ्हाईक मिळाले आणि कितीतरी कुटुंबांची चूल त्यावर पेटू लागली. अशा पाण्यात हा मासा कमी करण्याची योजना आखायची, तर आधी त्या कुटुंबांच्या पर्यायी उत्पन्नाची तरतूद हवी, आणि ती माशाच्या भावातून निघणार नाही. सरकारी अंदाजपत्रकातच करावी लागेल.