तारेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत : निरोप पोचला, पण काम झालं का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सचिव मला म्हणाले, "काका, तुमची अडतीस वर्षं बँकेत गेली. ऑफिसात निरोपाची साधनं कशी बदलत गेली, त्यावर दहा मिनिटं बोला." बँकवाल्याचा हिशोब पक्का असतो, तेव्हा दहाची अकरा होणार नाहीत.

मी १९७४ साली क्लार्क म्हणून लागलो, ती शाखा तालुक्याच्या गावी होती. फोन एकच, तोही मॅनेजर साहेबांच्या टेबलावर. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार. सकाळी लावलेला ऑर्डिनरी कॉल दुपारच्या चहापर्यंत लागला तर नशीब. आणि लागला की साहेब इतक्या मोठ्यानं बोलत, की काउंटरवरच्या ग्राहकांनाही बँकेचं गुपित कळायचं.

कोणाला तातडीनं पैसे पाठवायचे असले की 'टीटी' करायची, म्हणजे तारेनं पैसे पाठवायचे. तारेत रकमेबरोबर एक सांकेतिक आकडा असे. तारीख, रक्कम वगैरेंवरून तो काढायचा. त्याचं पुस्तक तिजोरीत कुलूपबंद. समोरच्या शाखेतला अधिकारी तो आकडा जुळवून बघणार, सही करणार, मगच पैसे देणार. आकडा जुळला नाही तर उलट तार. शिवाय मागाहून टपालानं खात्रीचं पत्र जायचं ते वेगळंच. काम सावकाश चाले, पण कोणता कागद कोणाच्या टेबलावर अडला आहे, हे सही बघून सांगता यायचं.

पुढे कॉम्प्युटरचे वारे वाहू लागले. बँकांच्या संगणकीकरणावर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला, दुसरा १९८९ मध्ये. 'नोकऱ्या जाणार' म्हणून आम्ही दंडाला काळ्या फिती लावल्या होत्या. मीही लावली होती, आज कशाला लपवू? नंतर लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मग कोअर बँकिंग. पूर्वी ग्राहक शाखेचा असे, तो बँकेचा झाला. २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी. २०१३ च्या जुलैत तर सरकारी तारसेवाच बंद झाली. ज्या तारेची आम्ही दिवसभर वाट बघायचो, तिचं काम आता मोबाईल काही सेकंदांत करतो.

पण मंडळी, खरं सांगायचं ते पुढेच आहे. ही गोष्ट माझ्या चुकीची आहे.

साल २००८. मी क्षेत्रीय कार्यालयात होतो. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्यात ई-मेल. एका शाखेतून मेल आला, की एका विधवा बाईंचं कुटुंब निवृत्तिवेतन त्यांच्या मुलीच्या गावच्या शाखेत वर्ग करायचं आहे. मेल सहा जणांना होता, त्यात माझंही नाव. मी वाचला. मनात म्हटलं, पेन्शन विभाग बघेल. पेन्शन विभागाला वाटलं, साहेबांनाच मेल आहे, ते सांगतील तसं करू. शाखेला वाटलं, मेल केला, आपलं काम संपलं.

तीन महिन्यांनी त्या बाई नातवाला घेऊन एसटीनं आमच्या कार्यालयात आल्या. तीन महिने पैसा नाही. मुलीच्या दारात राहून औषधालाही मुलीपुढेच हात पसरायचा. मला वाटलं, आता आवाज चढवतील. पण त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, आमच्या शाखेनं पाठवलेली चिठ्ठी पोचली नाही का हो?"

काय उत्तर देणार? चिठ्ठी सहा जणांना पोचली होती!

त्याच आठवड्यात थकबाकीसह पैसे जमा झाले. काम होतं तासाभराचं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयात साधा नियम केला. मेल ज्यानं काम करायचं त्या एकालाच, बाकीच्यांना फक्त माहितीसाठी प्रत. काम कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहायचं. तारीख उलटली की दुसरा मेल नाही, सरळ फोन उचलायचा. आणि दर सोमवारी राहिलेल्या कामांची यादी सगळ्यांसमोर वाचायची. म्हणजे काय, तर तारेच्या काळातली सही आम्ही ई-मेलमध्ये परत आणली.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या तरुण मुलांनी मोबाईलवर सगळ्यांना दिसेल असा एक तक्ता केला होता. फ्लॅट नंबर, कोणतं औषध, कोण आणणार, आणलं का. माझी रक्तदाबाची गोळी त्या तक्त्यातूनच आली. ही मुलं घरात बसून दूरदूरच्या ऑफिसांची कामं करत होती, तीच पद्धत त्यांनी जिन्याखाली आणली. त्यात 'कोण आणणार' हा जो रकाना होता ना, त्याला मी आजही नमस्कार करतो.

उलट गेल्या पावसाळ्यात लिफ्ट बंद पडली, तेव्हा ग्रुपवर निरोप आला. अठरा जणांनी अंगठे दाखवले. लिफ्टवाल्याला फोन मात्र कोणीच केला नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजी गुडघे धरत जिना चढल्या. त्या अठरा अंगठ्यांत एक माझाही होता. म्हणजे २००८ चा धडा मीच विसरलो होतो.

म्हणून पंचविसाव्या वर्षी माझं मागणं लहानच आहे. ग्रुपवर तक्रार आली की एकानं स्वतःचं नाव घालून लिहावं, 'मी बघतो'. काम झालं की त्यानंच लिहावं, 'झालं'. तक्रार रजिस्टरमध्येही नोंदवावी, कारण ग्रुपवरचा निरोप संध्याकाळपर्यंत सुप्रभातांच्या फुलांखाली गाडला जातो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी फलकावर कागद लागलाच पाहिजे.

आणि जाता जाता, जुना बँकवाला म्हणून एक. आम्ही कोडचं पुस्तक तिजोरीत ठेवायचो. तुमचा ओटीपी हेच आता ते पुस्तक. फोनवर कितीही गोड आवाज आला तरी तो कोणाला सांगू नका.

अकरा मिनिटं झाली, एक मिनिट उधार राहिलं. सुवर्णमहोत्सवाला व्याजासकट परत करीन.